कधी चालू होणारा, कधी न होणारा डेस्कटॉप : दोष शोधण्याची क्रमवार पद्धत

डेस्कटॉप संगणक कायमचा बंद पडला तर दोष शोधणे तुलनेने सोपे असते, कारण दोष समोर हजर असतो. खरा त्रास देतो तो अधूनमधून चालू न होणारा संगणक. सकाळी पाच-सहा वेळा बटण दाबावे लागते, एकदा सुरू झाला की दिवसभर तक्रार नसते, आणि दुरुस्तीच्या दुकानात नेला की तिथे तो पहिल्याच फटक्यात सुरू होतो. मग एक तर ‘यात काही दोष नाही’ म्हणून तो परत येतो, किंवा अंदाजाने एसएमपीएस (भिंतीवरील विजेपासून संगणकाला लागणारे कमी व्होल्टेज तयार करणारा डबा) बदलला जातो, पुढच्या महिन्यात रॅम, आणि शेवटी मदरबोर्ड. हा मार्ग महागडा आहेच, शिवाय फसवाही आहे. कोणताही भाग बदलताना इतर अनेक कनेक्टर काढून पुन्हा बसवले जातात, तेवढ्यानेच एखादा सैल जोड काही दिवस सुधारतो आणि श्रेय मात्र नव्या भागाला मिळते.

अशा संगणकाच्या बाबतीत एक गोष्ट सर्वांत आधी मनाशी पक्की करावी. तो चालू होत नसतो ती दोन-चार मिनिटे हीच तपासणीची वेळ असते. त्या वेळी बटण पुनःपुन्हा दाबून, तारा हलवून, खटका बंद-चालू करून संगणक कसाबसा सुरू केला, तर काम भागते, पण पुरावा नाहीसा होतो. पुढील सर्व पायऱ्या ती दोन-चार मिनिटे कशी वापरावीत यासाठीच आहेत.

बटण दाबल्यावर काय घडते

जुन्या एटी रचनेच्या संगणकांत समोरचे बटण थेट २३० व्होल्टचा पुरवठा जोडत आणि तोडत असे. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स रचनेने ही पद्धत बदलली, आणि आजचे बहुतेक डेस्कटॉप त्याच रचनेवर चालतात. भिंतीवरील बटण चालू असले की संगणक बंद दिसत असतानाही एसएमपीएसमधील एक छोटा, स्वतंत्र विभाग जांभळ्या तारेवर सतत ५ व्होल्ट देत राहतो; याला स्टँडबाय पुरवठा म्हणतात. कॅबिनेटवरील बटण मदरबोर्डला फक्त सूचना देते. ती मिळताच मदरबोर्ड हिरव्या तारेवरील व्होल्टेज शून्याजवळ खाली ओढतो, त्यावरून एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू करतो, ते स्थिर झाल्यावर साधारण ०.१ ते ०.५ सेकंदांत करड्या तारेवर ‘पुरवठा ठीक आहे’ असा इशारा देतो, आणि त्यानंतरच प्रोसेसर कामाला लागतो.

ही साखळी नेमकी कोणत्या कडीपाशी तुटते ते शोधायचे आहे. त्यासाठी संगणक चालू न होण्याचे तीन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिल्या प्रकारात बटण दाबल्यावर काहीच होत नाही, पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही. दुसऱ्यात पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो, किंवा फिरतो-थांबतो असे पुनःपुन्हा होते. तिसऱ्यात पंखे आणि दिवे व्यवस्थित सुरू होतात, पण पडद्यावर चित्र येत नाही. दुकानात तिन्हींना ‘संगणक चालू होत नाही’ असेच सांगितले जाते, पण तिन्हींची कारणे निराळी असतात आणि तपासणीही निराळी असते.

नोंद ठेवणे

कॅबिनेट उघडण्यापूर्वी एक साधी वही घ्यावी. प्रत्येक वेळी संगणक चालू झाला नाही, की तारीख, वेळ, तो त्याआधी किती तास बंद होता, भिंतीवरील बटणही बंद केले होते का, वरील तीनपैकी कोणता प्रकार होता आणि शेवटी तो कशाने सुरू झाला एवढे लिहावे. हे कंटाळवाणे वाटेल, पण अनेकदा निम्मे निदान या वहीतच होते. रात्रभर बंद राहिल्यानंतरच दोष येतो आणि दुपारी तासाभराने पुन्हा चालू करताना येत नाही, असे दिसले तर संशय एसएमपीएसमधील थकलेल्या कपॅसिटरांकडे (वीज साठवणाऱ्या छोट्या भागांकडे) वळतो. पॉवर कॉर्ड काढून मिनिटभराने पुन्हा लावली की हमखास सुरू होतो, असे दिसले तर एसएमपीएसचे संरक्षण मंडल अडकून बसत असण्याची शक्यता मोठी, कारण जास्त प्रवाह किंवा शॉर्ट जाणवून ते एकदा बंद झाले की पुष्कळ एसएमपीएसमध्ये भिंतीकडून येणारी वीज पूर्ण तोडल्याशिवाय ते मोकळे होत नाही. ठरावीक संध्याकाळच्या वेळीच दोष येत असेल तर आधी घरातील व्होल्टेज मोजावे. आणि दोषाला कोणतीही वेळ नसेल, कॅबिनेटला धक्का लागला की तो येत-जात असेल, तर सैल जोड शोधावा.

विंडोज वापरणाऱ्यांनी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, हाही उघडून पाहावा. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद वारंवार दिसत असेल, तर संगणक आधीच्या वेळी रीतसर बंद न होता अचानक बंद पडला होता एवढे कळते. त्यामागचे कारण त्या नोंदीतून कळत नाही, आणि बटण दाबून ठेवून जबरदस्तीने बंद केल्यावरही तीच नोंद होते.

सुरक्षितता

एसएमपीएसचा डबा घरी उघडू नये. २३० व्होल्टच्या पुरवठ्यापासून त्यातील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात, अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीकडून वीज सलग आणि समतोल ओढणारे मंडल) असलेल्या प्रकारात ते ३८० ते ४०० च्या आसपास जातात, आणि कॉर्ड काढल्यानंतरही काही काळ टिकू शकतात. कॅबिनेटच्या आत मात्र एसएमपीएसच्या बाहेर १२ व्होल्टपेक्षा जास्त काही नसते, त्यामुळे तिथे काळजीपूर्वक काम करण्यात धोका नाही. कोणताही भाग काढण्या-बसवण्यापूर्वी कॉर्ड काढावी, नंतर समोरचे बटण १०-१५ सेकंद दाबून ठेवावे म्हणजे उरलासुरला भार निघून जातो, आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पुढे जाण्यापूर्वी वायरमनला बोलवावे. एसएमपीएसच्या आवक बाजूला फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटला जोडलेले असतात. सॉकेटला अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर सुमारे ११५ व्होल्ट तरंगत राहतात. प्रवाह अत्यल्प असल्याने जिवाला धोका सहसा नसतो, पण बाहेरून जोडलेल्या उपकरणांची पोर्ट अशाच घरांत जळतात.

भिंतीपासून सुरुवात

एक्स्टेन्शन बोर्ड, स्पाइक गार्ड आणि यूपीएस तिन्ही बाजूला काढून संगणक थेट भिंतीवरील चांगल्या सॉकेटला लावावा आणि काही दिवस तसाच वापरावा. सैल झालेले सॉकेट, आतून काळवंडलेली पट्टी, एसएमपीएसच्या मागे नीट न बसणारी कॉर्ड ही कारणे इतकी सामान्य आहेत की त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. कॉर्ड दुसरी लावून पाहावी. मॉनिटरची कॉर्ड बहुधा तशीच असते. एसएमपीएसच्या मागील छोटे बटणही एकदा बंद-चालू करून पाहावे, कारण त्याचे संपर्क खराब होतात.

यूपीएसविषयी दोन शब्द. बॅटरी उतरलेली असेल तर सुरुवातीच्या झटक्याचा प्रवाह यूपीएसला झेपत नाही आणि संगणक पहिल्या प्रयत्नाला उठत नाही. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना शुद्ध साइन वेव्हऐवजी पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात, आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेल्या काही एसएमपीएसना ती मानवत नाही. यूपीएस काढल्यावर दोष थांबला, तर पुढची पाने वाचण्याची गरज उरत नाही.

बटण आणि त्याची तार

पहिल्या प्रकारात, म्हणजे काहीच होत नसताना, समोरच्या बटणावर संशय घ्यावा. ते रोज दाबले जाते, त्यात धूळ जाते, प्लॅस्टिकचा दांडा झिजतो आणि आतला छोटा स्विच कधी जुळतो, कधी जुळत नाही. काही कॅबिनेटमध्ये उलट होते, बटण आतच अडकून राहते. मग संगणक सुरू होतो आणि चार-पाच सेकंदांनी आपोआप बंद पडतो, कारण बटण तेवढा वेळ दाबून ठेवणे म्हणजे जबरदस्तीने बंद करण्याची सूचना असते. हा दोष फसवा असतो, तो शॉर्टसारखा दिसतो.

तपासणी सोपी आहे. मदरबोर्डच्या कडेला समोरच्या बटणांच्या बारीक पिनांचा गट असतो. त्यातील पॉवर स्विचची दोन पिनांची तार काढून तिच्या जागी रीसेट बटणाची तार लावावी. दोन्ही स्विच एकाच प्रकारचे असतात आणि तारेची उलटसुलट बाजू चालते. आता रीसेट बटणाने संगणक चालू करावा आणि पंधरवडाभर असाच वापरावा. कॅबिनेटला रीसेट बटण नसेल तर संगणक अडून बसला असताना त्या दोन पिनांना छोट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श करावा. याने दर वेळी लगेच सुरू झाला, तर दोष बटणातच आहे, आणि नवे बटण किरकोळ किमतीत मिळते.

मल्टिमीटरने दोन मोजमापे

या लेखातील सर्वांत उपयुक्त भाग हा आहे. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा असतो. कॅबिनेटचे झाकण आधीच काढून ठेवावे, म्हणजे संगणक अडेल तेव्हा वेळ जाणार नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा, काळे टोक कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला किंवा काळ्या तारेला लावावे, आणि लाल टोक २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरच्या मागून, म्हणजे तारा आत शिरतात त्या बाजूने, कनेक्टर न काढता हलकेच आत सरकवावे. हात स्थिर ठेवावा. टोक घसरून दोन पिनांना एकदम लागता कामा नये.

पहिले मोजमाप जांभळ्या तारेचे. भिंतीवरील बटण चालू आणि संगणक बंद असताना तिथे ४.७५ ते ५.२५ व्होल्ट असायला हवेत. शून्य असेल तर एसएमपीएसपर्यंत वीज पोहोचत नाही किंवा त्याचा स्टँडबाय विभाग गेला आहे. ५ व्होल्ट दिसतात पण समोरचे बटण दाबताच ते ४ च्या आसपास कोसळतात, असे दिसले तर तो विभाग दुबळा झाला आहे किंवा एखादे उपकरण त्यावर जास्त भार टाकत आहे. अशा वेळी सर्व यूएसबी उपकरणे काढून पुन्हा मोजावे. यूएसबी पोर्टमधील वाकलेली पिन हे कारण वाटते तितके दुर्मीळ नाही, त्यामुळे विजेरीच्या प्रकाशात प्रत्येक पोर्ट आतून पाहावा.

दुसरे मोजमाप हिरव्या तारेचे. संगणक बंद असताना तिथे २ व्होल्टपेक्षा जास्त, बहुधा ३.३ ते ५ व्होल्टच्या दरम्यान आकडा दिसतो. बटण दाबल्यावर तो ०.८ च्या खाली गेला पाहिजे. बटण दाबूनही आकडा खाली येत नसेल आणि जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट ठीक असतील, तर सूचना मदरबोर्डमध्येच अडते आहे. बटण, त्याची तार किंवा मदरबोर्ड यांपैकी एकात दोष आहे. आकडा खाली येतो, तसाच खाली राहतो आणि तरीही पंखा हलत नाही, तर मदरबोर्डने आपले काम केले आहे आणि एसएमपीएस प्रतिसाद देत नाही. एवढ्या एका मोजमापाने निम्मा संगणक संशयातून मोकळा होतो, आणि ते दोष हजर असतानाच करावे लागते.

अनेक नव्या एसएमपीएसमध्ये सगळ्या तारा काळ्या असतात. तेव्हा पिनांच्या क्रमांकावरून जावे; स्टँडबाय ९ व्या पिनवर आणि हिरव्या तारेची सूचना १६ व्या पिनवर असते, आणि क्रमांकांची आकृती मदरबोर्डच्या पुस्तिकेत मिळते. काही ब्रँडेड तयार संगणकांत २४ पिनांऐवजी कंपनीचा स्वतःचा कनेक्टर असतो, तिथे हे क्रमांक लागू होत नाहीत.

हिरवी आणि काळी तार क्लिपने जोडून एसएमपीएस एकटाच चालवून पाहण्याची युक्ती सर्वांना ठाऊक असते. तिच्यातून फक्त एवढेच कळते की तो भाराशिवाय सुरू होतो. भार आल्यावर तो टिकतो की नाही, हे त्यातून कळत नाही, म्हणून केवळ त्या चाचणीवरून एसएमपीएसला चांगला ठरवू नये.

सकाळी अडणारा, दुपारी चालणारा

एसएमपीएस आणि मदरबोर्डवरील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांच्या आत द्रव रसायन असते. वर्षानुवर्षे उष्णतेत राहून ते सुकत जाते, कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, आणि थंड अवस्थेत तो आणखी वाढतो. त्यामुळे निफाड-नाशिककडील डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे असा संगणक अडून बसतो, वारंवार बटण दाबल्याने कपॅसिटर किंचित तापले की उठतो, आणि मग दिवसभर कुरकूर करत नाही. काही आठवड्यांनी दोन प्रयत्नांचे चार होतात, चारांचे दहा. दोष असा चढत जाणे ही कपॅसिटर थकल्याची जवळजवळ खूणच आहे.

मदरबोर्डवर प्रोसेसरभोवती उभ्या असलेल्या छोट्या डब्यांसारख्या कपॅसिटरांचे वरचे टोक नीट पाहावे. ते सपाट असायला हवे. फुगलेले असेल, त्यावरील खाच उकललेली असेल, किंवा तळाशी तपकिरी कवच दिसत असेल तर कपॅसिटर गेला आहे. टोक सपाट आहे म्हणून तो चांगलाच असेल असे मात्र म्हणता येत नाही. एसएमपीएसच्या आत पाहता येत नसले, तरी मागच्या जाळीतून विजेरीने बरेच दिसते; मुंग्यांचे घर आणि पालींचे अवशेषही तिथेच सापडतात.

अशा वेळी ओळखीच्या माणसाकडून चांगला एसएमपीएस आठवडाभर मागून आणून लावणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. दुसऱ्या एसएमपीएसच्या तारा मात्र त्याच्याच वापराव्यात. मॉड्युलर, म्हणजे तारा सुट्या काढता येणाऱ्या, एसएमपीएसच्या तारांचे एसएमपीएसकडील टोक कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही, वेगळे जोडलेले असते. कनेक्टर आरामात बसतो आणि हार्ड डिस्क जळते.

नवा घ्यावा लागलाच तर कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा घेऊ नये. डब्यावर छापलेल्या एकूण वॅटपेक्षा १२ व्होल्टच्या ओळीवर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे, कारण आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळा प्रवाह तिथूनच घेतात. वॉरंटी किमान पाच वर्षांची असावी. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बाजारात घासाघीस करून वाचलेले पाचशे रुपये या एका भागावर वाचवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पंखा क्षणभर फिरून थांबतो तेव्हा

हा दुसरा प्रकार. एसएमपीएस सुरू होतो, कुठेतरी शॉर्ट किंवा जास्त भार जाणवतो आणि संरक्षणासाठी तो बंद होतो. येथे एकेक भार कमी करत जावे आणि प्रत्येक बदलानंतर कॉर्ड मिनिटभर काढून ठेवून मगच पुन्हा प्रयत्न करावा. आधी यूएसबी उपकरणे, मग हार्ड डिस्क, मग ग्राफिक्स कार्ड, मग एक सोडून बाकीच्या रॅम. प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा १२ व्होल्टचा कनेक्टर शेवटपर्यंत बसला आहे का, हेही पाहावे. तोच कनेक्टर काढल्यावर पंखे फिरत राहिले आणि लावल्यावर थांबले, तर दोष बहुधा प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याच्या भागात आहे आणि मदरबोर्ड जाणकाराकडे न्यावा लागेल.

सर्व काढूनही दोष राहिला तर मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवून चालवावा. बाहेर दर वेळी सुरू होतो आणि आत बसवल्यावर अडतो, याचा अर्थ मागच्या बाजूला धातू कुठेतरी टेकतो आहे. जादा लावलेला पितळी स्टँडऑफ (मदरबोर्डखालचा आधाराचा खुंट) किंवा निसटलेला स्क्रू तिथे सापडतो.

पंखे फिरतात, चित्र येत नाही

या प्रकारात वीजपुरवठा बहुतेक ठीक असतो. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डऐवजी मदरबोर्डला लावलेली नाही ना, हे आधी पाहावे. मदरबोर्डवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट यांचे चार बारीक दिवे असतील तर कोणता अडकून राहतो ते वहीत लिहावे.

कोकणातील दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो आणि पावसाळ्यात असे दोष वाढतात. रॅम काढून पट्ट्यांवरून मऊ खोडरबर अगदी हलक्या हाताने फिरवावे, त्याचा चुरा ब्रशने पूर्ण झाडावा, शक्य असल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि दोन्ही बाजूंच्या खटक्यांचा आवाज येईपर्यंत रॅम दाबून बसवावी. मदरबोर्डवरील सीआर२०३२ सेल मोजावा. नवा ३ व्होल्टच्या थोडा वर असतो, २.५ च्या आसपास आला तर बदलावा. घड्याळ मागे पडणे ही त्याची खूण आहे. डीडीआर५ रॅम असलेला संगणक सेल बदलल्यावर किंवा रॅम काढून बसवल्यावर पहिल्यांदा काही मिनिटे काळ्या पडद्यावर थांबतो, तेव्हा घाईने बंद करू नये. विंडोजमधील फास्ट स्टार्टअपही पॉवर ऑप्शन्समधून बंद करून पाहावे, कारण ते चालू असताना शट डाउन पूर्ण होत नाही आणि पुढच्या वेळी जागे होताना काही संगणक अडतात.

दोष गेला असे कधी म्हणावे

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. दोष आठवड्यातून एकदा येत असेल तर दोन दिवस सुरळीत चालल्याने काहीच सिद्ध होत नाही. दोषाच्या नेहमीच्या अंतराच्या तिप्पट-चौपट काळ, म्हणजे सुमारे महिनाभर, तो आला नाही तर उपाय लागू पडला असे मानावे. एसएमपीएस बदलून गुण आला असेल तर शक्य तिथे जुना एकदा परत लावून दोष पुन्हा येतो का ते पाहावे, म्हणजे निदानाची खात्री होते.

दुकानात न्यावेच लागले तर संगणकासोबत वही आणि घरची पॉवर कॉर्डही द्यावी. तो रात्रभर वीज न जोडता ठेवून सकाळी दुकान उघडल्यावर सर्वांत आधी, मीटर लावूनच चालू करावा, अशी विनंती करावी आणि त्यासाठी दोन-तीन दिवस थांबण्याची तयारी ठेवावी.